पाण्याचा थेंब न घालता

खाला,

आज नातसुनेनं पुन्हा चहाचा काढा केला. पाणी, दूध, साखर, पत्ती, सगळं एकदमच पातेल्यात लोटलं आणि शेजारणीशी बोलत बसली. उकळतंय, उकळतंय, पातेल्याच्या कडेला काळं वलय धरलं तरी हिचं बोलणं संपेना. मी म्हणाले, "अगं बाई, मेलेल्याला किती मारशील? उतरीव की आता." तर म्हणते, "आजी, लई उकळला की रंग येतो." रंग येतो म्हणे! रंग तर लुगड्यालाबी येतो. तुम्ही असता तर पळी घेऊन तिच्या मागं लागला असता. मी मात्र मुकाट्यानं प्याले. लेकीचं घर आहे, चूल माझी नाही, आणि चहा कसाही असला तरी मला तो सोडवत नाही. दिवसातून चारदा लागतो. ही सवय तुम्ही लावली आणि लावून निघून गेलात. निघून गेलात कसलं, तुम्हाला घालवलं. आणि त्यात माझा हात होता, हे सांगायला मी ही वही घेऊन बसले आहे.

लिहायला मी साठीत शिकले. शाळेत दुपारी बायांचा वर्ग भरतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, जवळच्या माणसाला पत्र लिहून आणा. कुणी लेकाला लिहिलं, कुणी माहेरी लिहिलं. मी दाखवण्यापुरत्या भावाला चार ओळी खरडल्या, आणि तुमचं मात्र वेगळ्या वहीत लिहायला घेतलं. आज पंधरा दिवस झाले. जोडाक्षर आलं की हात अडतो. बोलते तसं लिहिलं की बाई लाल शाईनं गोल करतात, म्हणून जमेल तेवढं शुद्ध लिहिते. तुम्हाला त्याचं काय म्हणा! तुम्हाला ना मराठी वाचता येत होतं, ना उर्दू. आपण दोघी अंगठाबहाद्दर. मी एवढी शिकले हे बघायला तुम्ही हव्या होत्या. म्हणाला असता, "हौ, अब दूध का भाव बढ़ायेगी ये."

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आले तो दिवस मला काल झाल्यासारखा आठवतो. राज्य निजामाचं, तहसीलदार नवे आलेले, त्यांच्या घरी रतीब घालायचा म्हणून सासूनं मला पाठवलेलं. आम्ही गवळी, आमची वस्ती गावाबाहेर. मी विशीतली, एका लेकीची आई, डोक्यावर पितळी चरवी आणि मनात धाकधूक. बावर्चीखान्याच्या मागच्या दारात तुम्ही उकिडव्या बसलेल्या. पांढरी ओढणी, हातात एकच चांदीची बांगडी. चरवीत बोट बुडवलं, नखावरचा थेंब उन्हात धरला, तो झरकन ओघळला. माझ्याकडं न बघताच म्हणालात, "अगे, दूध लाई, या बावडी लाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी सासूनं घातलं होतं, पण तोंडावर मला बोलणं बसलं. मी म्हणाले, "म्हैस लई पाणी पिती खाला, म्हून असंल." त्यावर तुम्ही इतक्या हसलात, इतक्या हसलात, की आतून बेगमसाहेब बघायला आल्या. दुसऱ्या दिवसापासून मी घरात कुणाला न विचारता निर्मळ दूध आणायला लागले, आणि घरी सासूशी रोज त्यावरून वाजायला लागलं.

तुम्ही त्या घराच्या नोकर नव्हता आणि घरच्याही नव्हता. तहसीलदारांच्या वडिलांच्या कुठल्यातरी लांबच्या नात्यातल्या, नवरा नाही, मूलबाळ नाही. मागं हैदराबादेत त्यांच्या घरी सगळा स्वयंपाक तुमच्या हातात होता म्हणे. मग दोन तरणे बावर्ची आले, पुलाव गेला, सालन गेलं, रोट्या गेल्या, आणि तुमच्याकडं राहिला एकटा चहा. पण तो असा की तहसीलदार दौऱ्यावर गेले तरी दुसऱ्याच्या हातचा पीत नसत. तुमची रोटी, तुमची कोपऱ्यातली खाट, ईदची ओढणी, सगळं त्या एका चायदानीवर चाललं होतं. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, हसत हसत. मला त्या वेळी ते नीट कळलं नाही.

त्या चहाचा वास! आमच्या वस्तीत चहा कुणी पाहिलेला नव्हता. ताप आला तर गवती चहाचा काढा, तेवढाच. तुमची पत्ती नगरहून यायची, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून पुडा उघडून बघायचा, आणि तुम्ही त्याला दर वेळी शिव्या मोजायच्या, "मुए ने नाक घालून आधा जीव काढला पत्तीचा." दूध घालून झालं तरी माझा पाय निघायचा नाही. कधी चरवी पुसत बस, कधी पदर सारखा कर. एक दिवस तुम्ही ओळखलं. "पीती क्या?" मी मान हलवली. "आमाला तुमच्या घरचं पाणी चालत न्हाई खाला." बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता रतीब तुटला. तुम्ही थोडा वेळ चुलीतलं लाकूड मागंपुढं करत बसलात. मग विचारलं, "दूध चालता?" दुधाला कसला विटाळ, दूध तर आमचंच. "शक्कर?" कोरडी वस्तू, चालती. "पत्ती?" तीही कोरडीच. "फिर पानी कू कौन पूछता?" म्हणालात, आणि माझीच चरवी निखाऱ्यावर ठेवायला लावली. माझं दूध, माझं भांडं. तुम्ही वरून पत्ती सोडली, विलायची ठेचून टाकली, खडीसाखर टाकली. पाण्याचा एक थेंब नाही. माझ्याच पितळी पेल्यात मी तो प्याले. खाला, त्या घोटाचं काय सांगू! अंगातला सगळा शीण कुठं पळाला कळलं नाही. त्या दिवशी मी वस्तीवर नाचतच गेले.

पण तुम्हाला तो चहा वाटतच नव्हता. रोज करून द्यायच्या आणि रोज नाक मुरडायच्या, "ये चाय नहीं बेटी, खीर है. पत्ती पानी में बोलती, दूध में सोती." खरा चहा कसा करायचा ते मी तीन वर्षं तुमच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. पाणी गोड्या विहिरीचंच पाहिजे. पहिली उकळी फुटली की भांडं खाली, मग पत्ती, मग झाकण, आणि मग गप्प बसायचं. मी सारखं झाकण उघडायला जायची तर हातावर चापट बसायची. "कैकू घाई? उसकू नींद पूरी करने दे." दूध वेगळं तापवायचं, साय काढायची. एकदा उतरवलेला चहा पुन्हा चुलीवर चढवायचा नाही. आणि पत्तीचा डबा कांद्यालसणापासून, साबणापासून, अत्तरापासून लांब. "चोरटी है ये पत्ती, पड़ोसन की बास चुराती." हे सगळं मला पाठ झालं, जातं ओढताना मी ते मनात म्हणायची. चव तेवढी माहीत नव्हती. कधीतरी तुम्ही चायदानी ओतताना माझ्याकडं बघायच्या आणि कापूस भरलेली टोपी चायदानीवर घालायच्या.

मग मानमोडीचा ताप आला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हालाही तो आलाच होता. वस्तीवर दर घरातून एक ना एक गेलं. आमच्या घरातून माझा नवरा गेला. चार वर्षांची लेक सात दिवस डोळा उघडत नव्हती. आठव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. सासू त्याच दिवशी माझ्यासमोर बसली. तिचा लेक गेलेला, तिला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि माझ्या पदराला चहाचा वास येतो हे तिला आधीपासून खुपत होतं. "तू तिथं बसून काय काय हुंगतीस मला ठाव न्हाई व्हय? वास घेतला म्हंजे अर्धं खाल्लं. म्हून माझ्या घरावर ही वेळ आली." मी म्हणाले, "आत्याबाई, मी त्यांचं पाणी शिवले न्हाई." तर तिनं माझा हात धरला आणि झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर ठेवला. "मग घे शपथ. त्यांच्या घरचं पाणी तुझ्या व्हटाला लागलं, न्हाईतर त्याचा वास तुझ्या नाकात गेला, तर ही पोर तुझी न्हाई." खाला, पोरीचं कपाळ अजून गरम होतं. मी शपथ घेतली. काय करणार होते? नवरा गेलेला, सासरा जातीचा पंच, माहेरी भाऊ लहान. मी शपथ घेतली आणि रतीब घालायला पुन्हा तुमच्याकडं आले, कारण पोटाला तेच होतं.

तुम्ही अर्ध्या झाल्या होत्या. पण मला त्याहून वाईट दिसलं ते दुसरंच. तुम्ही पत्तीचा डबा नाकाला लावून उभ्या होत्या. किती वेळ. मग माझ्यापुढं धरलात, "कैसी है?" मी म्हणाले, "झ्याक हाय की, नेहमीसारखी." तुम्ही दार लोटून घेतलं आणि ओढणीचं टोक तोंडात घालून रडायला लागलात. ताप गेला तो तुमचं नाक आणि जीभ घेऊन गेला होता. गोड कळेना, कडू कळेना, धूर कळेना. दोन वेळा चहा बिघडला होता, एकदा करपलेलं दूध गेलं, एकदा शिळं. बेगमसाहेबांनी सांगितलं होतं, आता एकदा जरी असं झालं तर परळीला भाच्याकडं पाठवून देऊ. हा तोच भाचा, ज्यानं तुम्हाला एकदा बैलांच्या गोठ्यात झोपवलं होतं. तुम्ही माझ्या दंडाला धरून म्हणालात, "किसी कू नक्को बोल बेटी. अब तूच मेरी नाक, तूच मेरी ज़बान." मी "हौ" म्हणाले. तुमच्याच बोलीत म्हणाले, आठवतं का? तेवढ्या रडण्यातही तुम्ही हसलात.

मग आपलं सुरू झालं. सकाळी आले की आधी कोरडी पत्ती हुंगायची, कोरड्या वस्तूला शपथ नव्हती. दूध माझं मला माहीत. साखर, विलायची बघून द्यायची. एवढं केलं की तुमचे हात बाकीचं बरोबर करत, चाळीस वर्षांची सवय त्या हातांना. तुम्ही चायदानीत उकळतं पाणी ओतलं की मी पदर नाकाला लावून दाराबाहेर जायची. तुम्ही एकदाही विचारलं नाही की कावून जातीस. सहा महिने असे गेले आणि एकही कप बिघडला नाही. तहसीलदार पुन्हा म्हणायला लागले की खालाचा हात परत आला. तुम्ही पुन्हा सुपारी कातरायला लागलात, मला चिडवायला लागलात. मला वाटलं, जमलं. असंच चालेल.

आणि बीडहून जिल्ह्याचे तालुकदार, तहसीलदारांचे वरचे साहेब, दौऱ्यावर येणार म्हणून निरोप आला. सगळं घर चार दिवस उलटंपालटं झालं. सतरंज्या झटकल्या, दिवे घासून त्यात नवं घासलेट भरलं. त्या दिवशी दुपारी मी जास्तीचं दूध घेऊन आले तेव्हा बावर्चीखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळीकडं घासलेटचा, मसाल्याचा, धुराचा नुसता काला झालेला. मी कोरडी पत्ती हुंगली, चांगली होती. दूध तापवलं, आणि पदर नाकाला लावून दाराबाहेर थांबले. तुम्ही चहा केला, झाकण घातलं, गप्प बसलात, दूध घातलं. आणि मग नेहमीसारखी चायदानी आत पाठवायच्या ऐवजी तुम्ही मला हाक मारली आणि फडताळातून एक बोळकं काढलं. नवं, कोरं, कुंभाराकडून स्वतः आणलेलं. त्यात थोडा चहा ओतून म्हणालात, "ये किसी के मुँह कू नहीं लगा. आज मेरेकू डर लगता बेटी. एक घोट. बस एक घोट चख."

मी म्हणाले, "खाला, पत्ती मी बघितलीय की." तुम्ही म्हणालात, "पत्ती नहीं, चाय." मी म्हणाले, "मला जमणार न्हाई." तुम्ही माझे पाय धरायला वाकलात हो! तुमच्या वयाची बाई. मी मागं सरकले तर तुम्ही म्हणालात, "तेरी जात कू मैं नहीं बोलती. मैं दीवार की तरफ मुँह करती. मैं भी नहीं देखती, अल्ला की कसम." आणि खरंच बोळकं माझ्या हातात देऊन तुम्ही भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून ओढणी पुढं ओढून उभ्या राहिलात. आत पाहुणे बसलेले, दाराशी शिपाई चायदानी न्यायला ताटकळलेला.

खाला, मी बोळकं ओठापर्यंत नेलं होतं. त्याची धग ओठाला लागली. आणि मला पोरीचं कपाळ आठवलं. जशी ती धग, तशीच. मी श्वास कोंडला, वाससुद्धा नाकात जाऊ नये म्हणून. छाती दुखायला लागली इतका कोंडला. मग खाली वाकून बोळकं मोरीतल्या ओल्या राखेवर हळूच पालथं केलं. आवाज झाला नाही. पदरानं ओठ पुसले आणि म्हणाले, "लई झ्याक झालाय खाला." तुम्ही भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं, "मीठी?" मी म्हणाले, "बराबर." "दूध जला नहीं ना?" "न्हाई." "कुछ बास तो नहीं आती?" "न्हाई," मी म्हणाले. तुम्ही वळलात. तुमचं तोंड असं उजळलं होतं, की मला वाटलं आत्ता खरं सांगावं. पण शिपाई चायदानी घेऊन गेलासुद्धा. आणि मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, सहा महिने बिघडला नाही, आजच कसा बिघडेल?

पाणी भरणाऱ्या भिस्त्याची कातडी पखाल उसवली होती. त्यानं सकाळी घासलेटचा नुकता रिकामा झालेला डबा राखेनं घासला आणि त्यातून गोड्या विहिरीचं पाणी आणून तुमच्या माठात ओतलं. बस, एवढंच. तालुकदारांनी एक घोट घेतला म्हणे, कप खाली ठेवला आणि हसून म्हणाले, "तहसीलदारसाहेब, आपके यहाँ चराग़ भी चाय पीते हैं क्या?" सगळे हसले. तहसीलदार हसले नाहीत. बेगमसाहेब बावर्चीखान्यात आल्या त्या वाऱ्यासारख्या. चायदानीचं झाकण काढून नाकाशी धरलं आणि तशीच खाली आपटली. "चखके नहीं देखा?" मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एकदाच. मग मान खाली घालून म्हणालात, "चखी थी, बेगमसाहेब. मेरीच ज़बान मर गयी. बुखार के बाद से मर गयी." जी गोष्ट सहा महिने आपण दोघींनी लपवली, ती तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली. माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. बोळकं पदराखाली होतं, ते वस्तीवर जाताना बाभळीच्या जाळीत फेकून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला परळीला न्यायला गाडी आली. छकडा. त्यात तुमची एक पेटी आणि वळकटी. मी रतीब घालायला आले. वाटलं, आता तरी बोलाल, एक शिवी तरी द्याल. तुम्ही म्हणालात, "बैस." माझी चरवी निखाऱ्यावर ठेवली. पत्ती सोडली, विलायची ठेचली, खडीसाखर टाकली. माझ्या पेल्यात ओतून माझ्यापुढं सरकवला. मी पेल्यावर वाकून रडायला लागले तर म्हणालात, "कैकू रोती? दूध में पानी मिल जाता." आणि माझे डोळे तुमच्या ओढणीनं पुसले. मग छकड्यात बसलात. वाकड्या वाटेवर छकडा दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते, पण तुम्ही मागं बघितलं नाही. त्या पावसाळ्यानंतर परळीहून आलेल्या एका कापडवाल्यानं तहसीलदारांच्या दारात सांगितलं, की म्हातारी गेली. कुठं झोपवत होते, काय खायला देत होते, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

सासू पुढं दोन वर्षांनी गेली, आणि शेवटी शेवटी मला म्हणायची, "तुझ्या त्या खालासारखा चहा कर गं थोडा." घ्या! मी चरवीत दुधाचाच करून द्यायची, तिला लई आवडायचा. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला लेकरं झाली. राज्य बदललं, मोटारी आल्या. एकदा आम्ही दोघी बीडला दवाखान्यात निघालो होतो. मांजरसुंब्याला मोटार थांबली तशी लेक उतरली, हॉटेलातून दोन कप चहा घेऊन आली. हॉटेलवाला दाढीवाला, डोक्याला गोल टोपी. मी म्हणाले, "अगं, कुणाच्या हातचा आणलास?" तर ती म्हणते, "चहावाल्याच्या हातचा, आणि कुणाच्या? पी की गरम गरम." ती घटाघटा प्यायली. मी तिच्या कपाळाकडं बघत बसले. मग मीही प्याले. पाण्याचा चहा, आयुष्यातला पहिला. वाईटच होता, तुमच्या भाषेत मेलेला. पण खाला, काही झालं नाही हो. पोरीला काही झालं नाही. मोटार सुरू झाली, पोरगी खिडकीला डोकं लावून झोपली, आणि मी रडत बसले. तिला वाटलं, मला दवाखान्याची भीती वाटतेय.

तेव्हापासून चूल हाताशी मिळाली की मी पाण्याचा चहा करते, तुमच्यासारखा. पहिली उकळी, खाली उतरवणं, पत्ती, झाकण, गप्प बसणं. गावातल्या बाया म्हणतात, म्हातारीच्या हाताला चव आहे. पण तो तुमच्यासारखा झाला का, हे सांगायला कुणी नाही. मला तरी कसं कळणार? तुमचा खरा चहा मी कधी प्यालेच नाही. एकदाच हातात आला होता, तो घासलेटचा होता, आणि तोसुद्धा मी राखेत ओतला.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते, की तुम्हाला कळलं नसेल. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं घोट घेतला, पण गडबडीत तिला वास लागला नाही. पण या पंधरा दिवसांत एकेक अक्षर लिहिताना ती शेवटची सकाळ माझ्यासमोर सारखी येते. मी तुमच्या घरचं पाणी प्याले, असं तुम्हाला वाटलं असतं, तर त्या दिवशी जाता जाता तुम्ही मला खरा चहा पाजला असता. तीन वर्षं तुम्हाला तेवढंच तर हवं होतं. पण तुम्ही चरवी मागितली, आणि पाण्याचा थेंब घातला नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बेगमसाहेबांना उत्तर देताना माहीत होतं, माझे डोळे पुसताना माहीत होतं, आणि माझा नेम माझ्याकडून मोडला जाऊ नये म्हणून जातानासुद्धा तुम्ही माझ्यासाठी ती खीर केलीत. मी याचं काय करू, खाला? कुणाजवळ जाऊन माफी मागू? परळीला तुमची कबरसुद्धा कुठं आहे मला माहीत नाही.

आता वही मिटते. बाईंना दाखवायची नाही, लेकीलाही नाही. नातसून तिसऱ्या प्रहरचा चहा घेऊन आलीय, समोर ठेवलाय, पुन्हा काढाच आहे. मी पिणार. एकच गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही म्हणायच्या ना, चहा आधी नाकानं प्यायचा असतो? चाळीस वर्षं झाली, शपथ घालणारी गेली, लेक आजी व्हायला आली, पण अजूनही कप ओठाशी नेला की पहिल्या घोटाला माझा श्वास आपोआप कोंडतो.